भाकीत पूर्ण झालं का? इसवी सन ७०, यरुशलेम आणि ख्रिस्ती जगातला वाद

[दृश्य: यरुशलेम. मंदिराच्या टेकडीची पश्चिम भिंत, तिच्या दक्षिण टोकाशी पडलेले घडीव दगड.]

या भिंतीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचा फरसबंदी रस्ता आहे. त्यावर प्रचंड चिरे एकमेकांवर कोसळून पडलेत आणि त्यांच्या भारानं खालची फरशी खचली आहे. विसाव्या शतकात इथलं उत्खनन झालं, तेव्हा ढिगाऱ्याचा काही भाग मुद्दाम तसाच ठेवला गेला. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं यहूद्यांचं मंदिर उद्ध्वस्त केलं तेव्हा हे दगड वरून पडले, असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात.

त्याच्या साधारण चाळीस वर्षं आधी येशू शिष्यांबरोबर याच मंदिरातून बाहेर पडत होता. शिष्य भव्य इमारतींकडे बोट दाखवत होते. येशू म्हणाला, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मग सगळे समोरच्या जैतुनाच्या डोंगरावर जाऊन बसले आणि शिष्यांनी विचारलं: हे कधी होईल? तुझ्या येण्याचं आणि युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय?

उत्तर मोठं आहे. बायबलमधल्या मत्तय २४, मार्क १३ आणि लूक २१ या अध्यायांत ते आलंय. लढाया, दुष्काळ, भूकंप, छळ, खोटे ख्रिस्त. सूर्य काळवंडेल, तारे पडतील, मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना दिसेल. आणि हे सगळं सांगून झाल्यावर एक वाक्य येतं: हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही.

शेवटल्या काळाविषयीचा ख्रिस्ती वाद कितीही फांद्या फुटून वाढलेला असो, त्याचं मूळ या वाक्यात आहे. ते ऐकणाऱ्यांची पिढी तर केव्हाच मातीत गेली. मग जे व्हायचं होतं ते होऊन गेलं, की अजून व्हायचंय?

[दृश्य: नकाशा. यहूदीया, गालील, यार्देन नदी, पेल्ला.]

इसवी सन ६६. यहूदीयात रोमविरुद्ध उठाव झाला. सीरियाचा रोमन सुभेदार सेस्टियस गॅलस फौज घेऊन यरुशलेमच्या तटापर्यंत आला आणि अनपेक्षितपणे मागे फिरला. परतीच्या वाटेवर, बेथ-होरोनच्या खिंडीत, उठाववाल्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. शहराला वाटलं, आपण जिंकलो.

लूकच्या शुभवर्तमानात एक अगदी व्यवहारी सूचना आहे. यरुशलेमला सैन्यांनी वेढलेलं पाहाल, तेव्हा यहूदीयातल्या लोकांनी डोंगरांत पळून जावं. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो, की यरुशलेममधले ख्रिस्ती युद्धाआधीच शहर सोडून यार्देनेपलीकडच्या पेल्ला इथे गेले होते.

इसवी सन ७०, वसंत ऋतू. वल्हांडण सणासाठी आलेल्या यात्रेकरूंनी शहर भरलेलं होतं आणि रोमन सेनापती तीत चार लीजन, म्हणजे रोमन सैन्याची चार मोठी दलं, घेऊन येऊन ठेपला. आत तीन गट एकमेकांशी लढत होते. या भांडणात धान्याची कोठारं जळाली, आणि मग उपासमार सुरू झाली. हे सगळं आपल्याला सांगतो तो योसेफस. तो स्वतः यहूदी, आधी उठावातला सेनानी, पुढे कैद होऊन रोमन छावणीत आलेला. तटाखाली उभा राहून तो आपल्याच लोकांना शरण या म्हणून विनवत होता. ऑगस्टमध्ये मंदिर पेटलं. सप्टेंबरमध्ये उरलेलं शहर पडलं. योसेफस मृतांचा आकडा ११ लाख देतो. आजचे इतिहासकार तो फुगवलेला मानतात, पण आकडा कितीही खाली आणला तरी शहर उरलं नाही.

[दृश्य: यहूदी वस्तीतलं उत्खनन. काजळीनं काळ्या पडलेल्या भिंती.]

१९७० मध्ये नाहमान अविगाद या पुरातत्त्वज्ञांना जुन्या शहरात एक जळालेलं घर सापडलं. तळघरातल्या खोल्या, दगडी भांडी, कोपऱ्यात टेकवलेला लोखंडी भाला. एका दगडी वजनावर काथ्रोस या याजक घराण्याचं नाव कोरलेलं. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एका तरुण बाईच्या हाताची हाडं.

मत्तय २४ वर कुणाचंही काहीही मत असो, चर्चा सुरू करण्याआधी या घरात थोडा वेळ उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. भाकिताचा अर्थ लावताना आपण ज्याला पूर्तता म्हणतो, ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात घडलेली आहे.

[दृश्य: जुन्या ग्रीक हस्तलिखितांची पानं.]

जे मानतात की येशूचं भाकीत त्याच पिढीत पूर्ण झालं, त्यांना प्रीटरिस्ट म्हणतात. त्यांचा युक्तिवाद हलका नाही. येशूनं ‘ही पिढी’ म्हटलं, तर ती समोर बसलेलीच पिढी. तीस ते सत्तर, चाळीस वर्षं. पिढीचा हिशेब बरोबर जुळतो. वेढा पडला, मंदिर गेलं, पळून जाण्याची सूचना खरी ठरली.

पण सूर्य तर काळवंडला नाही, असं कुणी म्हटलं की ते यशया १३ उघडून दाखवतात. तिथे बाबेलच्या पतनाचं वर्णन करताना संदेष्टा हेच म्हणतो: तारे प्रकाश देणार नाहीत, सूर्य उगवताच अंधारेल. बाबेल पडलं, पण तारे जागच्या जागी राहिले. राज्य कोसळणं आकाश कोसळल्याच्या भाषेत सांगायची संदेष्ट्यांची ती पद्धत आहे. मेघांवर येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राचं चित्र दानीएल ७ मधलं, आणि तिथे तो पृथ्वीकडे उतरत नाही. देवासमोर जाऊन राज्य स्वीकारतो. मला स्वतःला हा भाग पटतो. संदेष्ट्यांचे ग्रंथ तोंडपाठ असलेल्या श्रोत्यांना ती चित्रं ओळखीचीच असणार.

प्रीटरिस्ट बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकालाही हेच वाचन लावतात, तिथे मात्र पाय घसरू लागतो. त्यातल्या दुष्ट श्वापदाची संख्या ६६६. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमन सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या, तर बेरीज ६६६ येते. लॅटिन वळणानं शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. म्हणजे श्वापद नेरो, असं मानायला चांगला आधार आहे. पण दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस सांगतो, की हा दृष्टान्त सम्राट डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस दिसला. डोमिशियन मेला ९६ मध्ये. पुस्तक तेव्हाचं असेल, तर ते यरुशलेमच्या पतनाचं भाकीत कसं करील? बहुतेक अभ्यासक आजही डोमिशियनचाच काळ धरतात. अमेरिकन धर्मशास्त्री केनेथ जेंट्री यांनी १९८९ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहून हे पुस्तक ७० च्या आधीचं असल्याचं मांडलं. त्यांचं सगळं वाचन त्या तारखेवर उभं आहे.

[दृश्य: स्पेन. सेव्हिल, सालामांका.]

हा वाद पद्धतशीर रूपात उभा राहिला सोळाव्या-सतराव्या शतकांत. लूथर आणि त्याचे अनुयायी म्हणत होते, ख्रिस्तविरोधक म्हणजे रोममधलं पोपचं पद. त्यावर स्पेनमधल्या, जेझुइट या कॅथलिक संघातल्या दोन विद्वानांनी परस्परविरुद्ध दिशेनं उत्तरं दिली. सालामांकाच्या फ्रान्सिस्को रिबेरानं प्रकटीकरणातला बहुतेक भाग पुढे, जगाच्या शेवटाकडे ढकलला. सेव्हिलच्या लुईस दे अल्काझारनं तो मागे, पहिल्या शतकांत नेला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६१४ मध्ये छापला गेला. दोन्ही वाचनांत पोपवरचा आरोप आपोआप गळून पडत होता. हे ध्यानात ठेवायला हवं, पण एखादं वाचन कुणाच्या सोयीचं होतं एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही. पुढे ह्यूगो ग्रोशियस या डच प्रॉटेस्टंट पंडितानंही मागे पाहणारंच वाचन स्वीकारलं.

पुढे पाहणाऱ्या वाचनाला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी. आधी विश्वासणारे अकस्मात वर घेतले जातील, मग सात वर्षांचं महासंकट, मग ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. १९०९ मध्ये स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलनं हा आराखडा सर्वदूर पोचवला. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झालं आणि या वाचकांना चिन्ह मिळालं. ‘ही पिढी’ म्हणजे ते चिन्ह पाहणारी पिढी, असा अर्थ लागला. १९४८ मध्ये ४० मिळवा, १९८८. एडगर व्हिझनंट या निवृत्त अमेरिकन अभियंत्यानं त्या वर्षासाठी पुस्तिकाच काढली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. ते वर्षही सरलं. त्याआधी २२ ऑक्टोबर १८४४ ची तारीख धरून बसलेल्या विल्यम मिलर यांच्या अनुयायांचं असंच झालं होतं. त्यांतल्या काहींनी शेतातली पिकंही काढली नव्हती. या माणसांची थट्टा होते, ती मला आवडत नाही. त्यांनी वाक्य गंभीरपणे घेतलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

[दृश्य: रोम. तीतची कमान. विजययात्रेत वाहून नेला जाणारा सात फांद्यांचा दीपवृक्ष.]

मागे पाहणाऱ्या वाचनाची किंमत मात्र फार वेळा दुसऱ्यांनी मोजली. मंदिर पडलं ही देवानं यहूद्यांना दिलेली शिक्षा, असं एकदा म्हटलं की पुढची पायरी जवळच असते. अंत्युखियात ३८६-३८७ च्या सुमाराला योहान क्रिसोस्तम यांनी यहूद्यांविरुद्ध जी प्रवचनं केली, त्यांत मंदिराचा नाश हा हुकमी पुरावा म्हणून वारंवार येतो. असल्या प्रवचनांचा पुढे शतकानुशतकं युरोपातल्या यहूद्यांविरुद्ध वापर झाला.

आणि हे फक्त युरोपचं प्रकरण नाही. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा बेने इस्राएल हा यहूदी समाज राहत आला. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या सणवारांत बिरड्याचा रोजा आहे. यहूदी पंचांगातल्या अब महिन्याच्या नवव्या दिवशीचा हा उपवास यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकाचा. वालाच्या बिरड्यावरून त्याला नाव पडलं. एका मराठी घरात ज्या दिवसाचा उपवास धरला जातो, त्याच दिवसाला दुसऱ्या मराठी घरात भाकीत खरं झाल्याची खूण म्हणून बोट दाखवलं जाऊ शकतं. येशू स्वतः त्या शहराकडे पाहून रडला, असं लूक १९ मध्ये लिहिलंय. जो प्रीटरिस्ट हे अश्रू विसरून नुसता हिशेब जुळवतो, त्यानं अध्याय अर्धाच वाचला.

[दृश्य: लंडन, एकोणिसावं शतक. छापखाना.]

आता प्रीटरिस्ट घराण्यातलं खरं भांडण. १८७८ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्या आगमनाविषयी एक ग्रंथ निघाला, लेखकाचं नाव न घालता. लेखक होते जेम्स स्टुअर्ट रसेल, काँग्रिगेशनल पंथाचे पाळक. त्यांचं म्हणणं, नव्या करारात ख्रिस्ताच्या येण्याविषयी जे जे आहे ते पहिल्या शतकातच पूर्ण झालं. विसाव्या शतकात काही अमेरिकन लेखकांनी हेच टोकाला नेलं: आगमन झालं, न्याय झाला, मृतांचं पुनरुत्थानही झालं, तेही आत्मिक अर्थानं. हे झाले पूर्ण प्रीटरिस्ट. आर. सी. स्प्रूल यांच्यासारखे धर्मशास्त्री मात्र अर्ध्या वाटेवर थांबले. मत्तय २४ बहुतांशी इसवी सन ७० विषयी आहे, पण ख्रिस्ताचं शेवटचं येणं आणि मृतांचं उठणं बाकी आहे, असं ते सांगतात.

ही रेषा मनमानी नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत अशी दोन नावं येतात. पुनरुत्थान होऊन गेलं, असं ते शिकवत होते, आणि त्यामुळे कित्येकांचा विश्वास ढासळत होता. थेस्सलनीकाच्या मंडळीलाही प्रेषित पौल दुसऱ्या पत्रात बजावतो, प्रभूचा दिवस येऊन गेलाय असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. म्हणजे हा झगडा स्पेनमध्ये जन्मला नाही, लंडनमध्येही नाही. नवा करार लिहिला जात होता तेव्हाच तो दारात उभा होता.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली ओळ पाहिली की कळतं, पौलाला त्याची एवढी काळजी का होती. त्या मंडळीतली काही माणसं मेली होती आणि मागे राहिलेले त्यांच्यासाठी रडत होते. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौल त्यांना लिहितो, आणि कारण देतो ते मृतांच्या उठण्याचं. स्मशानातून परतलेल्या माणसाला कुणी सांगितलं की पुनरुत्थान होऊन गेलं, आता पुढे काही नाही, तर त्याच्या हाती काय उरतं? मंदिराविषयी मी प्रीटरिस्टांशी सहमत आहे. कबरीविषयी नाही. निकीयाच्या विश्वासांगीकारात ‘जिवंतांचा व मृतांचा न्याय करावयास तो येईल’ हे शब्द आहेत, ते या दुःखातूनच आधार घेतात.

[दृश्य: अमेरिकेतलं एक चर्च. रविवारची उपासना.]

२०२३ मध्ये हा वाद पुन्हा उफाळला. गॅरी डिमार हे अमेरिकेतले लेखक मत्तय २४ च्या पहिल्या शतकातल्या वाचनाचे मोठे प्रचारक. त्यांच्याच वर्तुळातल्या सहकाऱ्यांनी त्यांना अनावृत पत्र लिहून विचारलं: ख्रिस्ताचं सदेह पुनरागमन, मृतांचं सदेह उठणं आणि इतिहासाच्या अखेरचा न्याय, हे पुढे होणार असं तुम्ही मानता का? डिमार सरळ ‘हो’ म्हणायला तयार झाले नाहीत. आधी शास्त्रवचनांवर चर्चा करा, हा त्यांचा आग्रह होता. पत्रावर सही करणाऱ्यांत केनेथ जेंट्रीही होते. यरुशलेमच्या पतनाविषयी दोघांचं एकमत आहे. फूट पडली ती पुनरुत्थानावरून.