मंदी ओसरली, पण कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

२० सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं जाहीर केलं, की मंदी संपली. कधी? तर जून २००९ मध्ये! पाऊस थांबल्याची वर्दी सव्वा वर्षानं. बरं, वर्दी आली तेव्हा नेवाडा राज्यात काम करू पाहणाऱ्या दर सात जणांतला एक जण बेकार होता. आणि नॉर्थ डाकोटात? तिथं खडकातून तेल निघत होतं, बेकारी चार टक्क्यांच्या आसपास.

म्हणून ‘देश कधी सावरणार’ या प्रश्नावर माझा फारसा जीव नाही. मी शहराला विचारतो, बाबा रे, तू बाहेरच्यांना काय विकतोस?

नेवाडातलं लास वेगास पर्यटकांवर आणि घरबांधणीवर जगत होतं. घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. बांधलेलीच घरं रिकामी, तर गवंड्याला बोलावणार कोण? टेक्सासमध्ये मात्र घर तारण ठेवून किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज काढायला कायद्यानंच अडकाठी होती, त्यामुळे घरांच्या किमतींचा फुगा बेतानंच फुगला. २०११ संपता संपता टेक्सासनं गेलेल्या नोकऱ्या भरून काढल्या. अख्ख्या अमेरिकेला त्यासाठी २०१४ उजाडावं लागलं.

डेट्रॉइटची गोष्ट तर विचित्रच. मोटार कंपन्या सरकारी मदतीनं उभ्या राहिल्या, नफ्यात आल्या, आणि जुलै २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचा ताळेबंद पाहून गावाचं भविष्य सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याउलट पिट्सबर्ग. सप्टेंबर २००९ मध्ये जी-२० परिषद तिथं भरवली, ती मुद्दाम. १९८० च्या दशकात तिथले पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते. पोलाद कंपनीची ६४ मजली इमारत अजून उभी आहे, पण तिच्या माथ्यावर आता अक्षरं झळकतात ती एका हॉस्पिटल समूहाची! मंदी आली म्हणून माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. पण या बदलाला पाव शतक लागलं, आणि पुढच्या तिमाहीचा अंदाज बांधणाऱ्यांच्या गणितात ते बसत नाही.

आपल्याकडे मंदीचा फटका सुरतनं सोसला. तिथला हिरा जातो अमेरिकेच्या ख्रिसमस खरेदीला. २००८ साली कारखान्यांची दिवाळीची सुट्टी लांबतच गेली. घंट्या, म्हणजे हिरे घासायच्या चकत्या, थांबल्या आणि कारागीर सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी जाऊन बसले. सुरतचा अंदाज न्यूयॉर्कच्या दुकानांत बांधावा लागतो, तो असा.

पुण्याजवळच्या भोसरीत मात्र मी दुसरीच मोजपट्टी पाहिली. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवलं होतं, खेड्यापाड्यांत मोटारसायकली खपत होत्या. २००९ च्या उन्हाळ्यात एका गाळ्याबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. विचारलं, “काय मालक, धंदा कसाय?”

“समोरच्यांची तिसरी पाळी लागली,” तो म्हणाला. समोर मोटारसायकलचे सुटे भाग व्हायचे. “शेजारचे अजून एकाच पाळीवर. त्यांचा माल बाहेरदेशी जातो ना.”

रात्रीचं दूध त्यानं दोन लिटरनं वाढवलं होतं.