आधी नळी, मग औषध

(दृश्य: तबेला, म्हशीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागात, रुतलेली मूठ)

बाळकुमहून कशेळीच्या पुलाकडे निघालं की रस्त्यालगत हा तबेला लागतो. या मुऱ्हा म्हशीने कालपासून रवंथ केलेला नाही. शेण थोडंसं, घट्ट, वर बुळबुळीत आव. उन्हाळा, ओला चारा महाग, म्हणून दावणीत नुसता कोरडा पेंढा. त्यात पाणी कमी पडलं आणि कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, गच्च बसलं.

डॉक्टरांची मूठ बघा. दाबून काढली तरी भकाळीत खड्डा तसाच, कणकेत बोट रुतावं तसा. आता स्टेथोस्कोप. निरोगी कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा हलतं, आवाज करतं. इथे काहीच ऐकू येत नाही.

(दृश्य: बादलीत विरघळणारे पांढरे खडे)

हे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. मोठ्या जनावराला साधारण २५० ते ५०० ग्रॅम, तेही वजन आणि तब्येत बघून, भरपूर कोमट पाण्यातून. हे मीठ रक्तात फारसं शोषलं जात नाही. ते आतड्यात राहतं, पाणी ओढून धरतं आणि सुकलेला मळ सैल होतो. पण हे पाणी जनावराच्याच अंगातलं असतं. डोळे खोल गेले असतील, कातडी चिमटीत धरल्यावर लवकर बसत नसेल, तर आधी सलाईन. गाभण जनावराला जोराचं रेचक देतच नाहीत.

शेजारच्या कॅनमध्ये लिक्विड पॅराफिन आहे. त्याचं काम फक्त वंगणाचं.

(दृश्य: म्हशीच्या तोंडात बसवलेला, भोक असलेला लाकडी ठोकळा; त्यातून सरकणारी नळी)

इथून पुढचं प्रत्येक तबेलेवाल्याने बघावं, त्यासाठीच आम्ही कॅमेरा इतक्या जवळ नेला. नळी हळूहळू आत जाते. जनावर गिळतं तशी ती पुढे सरकवायची. मग डॉक्टर नळीत फुंकर मारतात आणि मदतनीस भकाळीला कान लावतो. आत बुडबुड ऐकू आली. बाहेरच्या टोकाला कोठीपोटातल्या वायूचा आंबूस वासही आला. म्हणजे नळी श्वासनळीत नाही. आता नरसाळं, आता औषध. शेवटी टोक दुमडून, घट्ट दाबून नळी बाहेर. नाहीतर उरलेले थेंब घशात पडतात.

घरोघरी मात्र मान वर खेचून बाटलीच तोंडात कोंबतात. पॅराफिनला चव नाही, वास नाही; ते फुप्फुसात उतरलं तरी जनावर खोकेलच असं नाही. मग न्यूमोनिया होतो आणि पुष्कळदा जनावर जातं.

(दृश्य: रस्त्यावरची गाय, कचऱ्याची पिशवी)

पोटात प्लास्टिकचा गोळा असेल तर कुठल्याही रेचकाने तो निघत नाही. डावी कूस उघडून शस्त्रक्रियाच करावी लागते.

(दृश्य: डॉक्टर मालकाशी बोलताना)

"दादा, आज पेंढा बंद. पाणी समोर ठेवा, म्हशीला थोडं थोडं चालवा. उद्या शेण कसं पडतं ते बघून मला फोन करा. आणि तोवर बाटलीने काही पाजू नका."