कातळावर कॅमेऱ्याची परीक्षा

नवा कॅमेरा हातात आला की आपण पहिला फोटो बहुतेक वेळा समुद्रावरच्या सूर्यास्ताचा काढतो. तो जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात छान येतो, आणि म्हणूनच त्यावरून कॅमेऱ्याबद्दल काहीच कळत नाही. रंग भडक, आकार मोठे, होडी पूर्ण काळी. बारीक तपशील मुळातच नाही. परीक्षा घ्यायची तर कॅमेऱ्याला जिथं कष्ट पडतात तिथं त्याला न्यायला हवं. रत्नागिरीकरांना त्यासाठी लांब जायला नको. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर चला.

तुमच्यापैकी बरेचजण कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यावर खोबणी कोरून काढलेल्या जुन्या आकृत्यांचे फोटो काढता, म्हणून मी आज त्याच अंगानं बोलणार आहे. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, तिकडे सिंधुदुर्गात कुडोपी. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. पण फोटोच्या दृष्टीनं हा विषय फार अवघड आहे. खोबण उथळ, आणि खोबणीतला दगड आणि बाहेरचा दगड एकाच रंगाचा. दोघांत फरक करते ती फक्त सावली, आणि तीही सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच, जेव्हा प्रकाश जमिनीला जवळजवळ टेकून येतो. भर दुपारी तिथं उभं राहिलं तर पायाखालची आकृती डोळ्यालासुद्धा दिसत नाही. अशा ठिकाणी काढलेला फोटो ही नोंद असते. चिरेखाणी, रस्ते, बांधकामं यांत एखादा सडा उद्या राहिला नाही, तर उरेल ती ही नोंदच. तिच्यात खोबणीची कड पुसली गेली असेल तर ते नुकसान भरून निघत नाही.

प्रयोगशाळेत कॅमेरा कसा तपासतात? आयएसओ १२२३३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एक तक्ता असतो, त्यावर काळ्या-पांढऱ्याच्या सीमेची किंचित तिरकी धार असते. काळ्यातून पांढऱ्यात जाताना कॅमेरा किती पिक्सेल घेतो हे मोजलं की लेन्स आणि सेन्सर मिळून किती बारीक तपशील पकडतात ते कळतं. पद्धत उत्तम आहे. पण आजचा प्रत्येक कॅमेरा, आणि फोन तर नक्कीच, चित्र साठवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो. ठळक धार दिसली की ती आणखी ठळक करतो. उजेडातले बारीक चढउतार दिसले की त्यांना नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे, समजून पुसतो. म्हणजे तिरकी धार छान गुण मिळवते आणि दगडाचा पोत नाहीसा होतो. हे लक्षात आल्यावर तपासणाऱ्यांनी दुसरा तक्ता वापरायला सुरुवात केली. त्यात लहानमोठी, वेगवेगळ्या करड्या छटांची वर्तुळं एकमेकांवर कशीही पसरलेली असतात. झाडाखाली गळून पडलेल्या पानांसारखा तो दिसतो, आणि त्याचं नावही तेच आहे. त्यात ठळक धारा थोड्या, मंद फरक पुष्कळ. कॅमेरा काय पुसतो हे तिथं उघड होतं.

आपल्याला तो तक्ता विकत घ्यायची गरज नाही. जांभा दगड हाच तसा तक्ता आहे. त्याची छिद्रं, त्यांच्या कडा, आतली पिवळट माती, वरचं वाळलेलं काळं शेवाळ, सगळे मंद फरक. चांगल्या कॅमेऱ्यात छिद्र छिद्रासारखं दिसतं. नॉइज जोरात पुसणाऱ्या कॅमेऱ्यात तोच कातळ शेणानं सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत होतो.

जांभ्याचा रंग ही आणखी एक अडचण. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक रंगीत गाळणी बसवतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ सालच्या पेटंटमधली रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव तांबड्याचे, पाव निळ्याचे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तांबडा थेट मोजणारे पिक्सेल फक्त ६० लाख. उरलेल्या जागांचा तांबडा शेजाऱ्यांवरून हिशोबानं काढला जातो. जांभ्यावरून परतणाऱ्या उजेडात तांबड्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या तक्त्यावर मिळालेले गुण आपल्या कातळावर तसेच्या तसे मिळतील असं धरू नका.

आता प्रत्यक्ष काम. गिलावा न केलेली जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत शोधा, ऊन तिच्यावर तिरकं पडत असताना. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर असल्यामुळे स्थिरीकरण बंद. कॅमेरा भिंतीला समांतर हवा. त्यासाठी भिंतीवर छोटा आरसा सपाट टेकवा आणि त्यात स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध येईपर्यंत कॅमेरा सरकवा. आयएसओ (इथं मानक नव्हे, कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवून अपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एकेक पायरी बंद करत जा, एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत. उजेड सारखा राहावा म्हणून शटरचा वेळ तेवढा बदलेल, बाकी काहीही हलवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते घरी गेल्यावर सांगता येत नाही.

या मालिकेत कोपरे बघा. अपर्चर पूर्ण उघडं असताना चारही कोपरे सारखेच मऊ, म्हणजे अस्पष्ट असतील आणि एफ/८ ला सुधारत असतील, तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो परत घ्या. मऊपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला तर लेन्समधलं एखादं भिंग तिरकं बसलेलं आहे, ती परत करण्यासारखी आहे. मऊपणा भिंतीच्या त्याच टोकाला राहिला तर कॅमेरा समांतर नव्हता. आणि एफ/१६ ला सगळं चित्रच थोडं मंद दिसेल. तिथं प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद तोंडातून जाताना तो पसरल्यामुळे, एका बिंदूचा ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा होतो, आणि एपीएस-सी आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल चार मायक्रॉनहून जरा लहान असतो. लेन्स कितीही महाग असो, यातून सुटका नाही.

मग संध्याकाळी तीच भिंत, अपर्चर एफ/८, आणि आयएसओ १०० पासून दुप्पट करत जा. प्रकाश कणाकणानं येतो, म्हणून नॉइज पूर्ण टाळता येत नाही: एका पिक्सेलवर असे १०,००० कण (फोटॉन) आले तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्का, १०० च आले तर १० चा, म्हणजे दहा टक्के. प्रत्येक फोटो रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं प्रक्रिया केलेलं चित्र) दोन्हीत घ्या. छिद्रं रॉमध्ये आहेत आणि जेपेगमध्ये नाहीत असं दिसलं तर दोष सेन्सरचा नाही, प्रक्रियेचा आहे. मेनूत जाऊन नॉइज रिडक्शन कमी करा. ज्या आयएसओला रॉमध्येही छिद्रं विरघळली, ती तुमच्या कॅमेऱ्याची कातळासाठीची मर्यादा. कंपनीनं खोक्यावर कुठलाही आकडा लिहिलेला असो.

बाकीच्या चाचण्या पटकन सांगतो. माडाच्या झावळ्या उजळ आकाशासमोर चौकटीच्या कोपऱ्यात घ्या. पात्यांच्या कडांना जांभळी-हिरवी झालर दिसली तर लेन्स रंग एका जागी आणत नाही. क्षितिज चौकटीच्या वरच्या काठाजवळ ठेवा. ते वाकलं तर विकृती किती ते लगेच दिसतं. आणि उजेड-अंधाराची झेप बघायला माजघरात उभं राहून दारातून उन्हातलं अंगण घ्या. अंगण पांढरं फटक पडणार नाही इतकंच एक्स्पोजर द्या, मग रॉमधली सावली तीन स्टॉपनं, म्हणजे आठपट, उजळा. माजघरातल्या लाकडाच्या शिरा दिसतात की नुसते रंगीत दाणे?

कॅमेऱ्याला दोष देण्याआधी हवा बघा. दुपारी तापलेल्या सड्यावरची हवा थरथरते, लांबचं काहीही मऊ येतं. किनाऱ्यावर तासभर फिरलात की लेन्सवर खारटाणाचा पातळ थर बसतो आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट उतरतो. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. डबा हवाबंद असू द्या, सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला.

शेवटी ड्रोनबद्दल, कारण पूर्ण आकृती वरूनच दिसते. परवानगीचे नियम बघूनच उडवा. समजा सेन्सर एक इंची म्हणतात त्या वर्गातला आहे, प्रत्यक्ष रुंदी १३.२ मिमी, त्यावर ५४७२ पिक्सेल, लेन्स ८.८ मिमीची. २० मीटर उंचीवरून चौकटीत ३० मीटर जमीन मावते, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साडेपाच मिलिमीटर कातळ. चार सेंटिमीटर रुंद खोबणीला सात पिक्सेल मिळाले. तिच्या दोन्ही कडा आणि मधली सावली ओळखता येईल. ४० मीटरवर गेलात की साडेतीन उरतात, त्यातही तांबडा मोजणारे थोडे, आणि कड गेली. म्हणून आधी टेपनं खोबणीची रुंदी मोजा, मग उंची ठरवा. आकृती एका चौकटीत मावत नसेल तर ड्रोन वर नेऊ नका. त्याच उंचीवरून एकमेकांवर निम्मेअधिक चढणारे फोटो घ्या आणि घरी जोडा.