राजाचा हत्ती आणि रक्तबीज

श्रोतेहो, नमस्कार. घट बसलेत, धान उगवायला लागलंय, कुणाकडे सप्तशतीचा, म्हणजे देवीच्या पराक्रमाच्या पोथीचा, पाठही चालू असेल. 13 अध्याय, 700 मंत्र, आणि त्यात बरीचशी लढाईच. पण ही लढाई सांगितली कुणाला? आणि का? ते पहिल्याच अध्यायात आहे, आणि पाठाच्या घाईत नेमकं तेच निसटतं.

सुरथ नावाचा राजा. शत्रूनं हरवला, राजधानीत परतला, तर अमात्यांनीच खजिना नि सैन्य बळकावलेलं. मग शिकारीचं निमित्त करून घोड्यावर बसला, एकटाच रानात आला, मेधा ऋषींच्या आश्रमात राहिला. सुटला म्हणावं, तर डोक्यात काय? माझा तो मत्त हत्ती आता शत्रूच्या ताब्यात. त्याला धड खायला घालत असतील का? राज्य गेलं, हत्तीची काळजी काही जाईना! तिथंच त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. बायकामुलांनी पैशाच्या लोभानं घराबाहेर काढलेला. आणि याला घोर कसला? पोरं खुशाल असतील ना, नीट वागत असतील ना! राजा विचारतो, अरे, ज्यांनी हाकललं त्यांच्यावर माया कशी? वैश्य म्हणतो, कळतंय मला, पण मन कठोर होत नाही. मग दोघं ऋषींपुढे जाऊन बसतात. आम्हांला सगळं कळतं, तरी हा मोह का?

ऐकलंत ना? प्रश्न मोहाचा आहे. प्रश्न मोहाचा, आणि उत्तरात ऋषी सांगतात मधुकैटभ, महिषासुर, शुंभ-निशुंभ या असुरांच्या युद्धकथा. तेव्हा ही युद्धं मनातली म्हणून वाचली, तर तो अर्थ बाहेरून चिकटवलेला नाही. हल्ली आपल्याला नवरात्रातलं आज साडीचा रंग कोणता एवढंच पक्कं ठाऊक असतं, असो.

8व्या अध्यायातला रक्तबीज असुर घ्या. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच बलवान दुसरा उभा. थेंब पडला की दुसरा. हत्तीचा विचार हाणून पाडावा, तर खजिना आठवतो. खजिना झटकावा, तर नोकरचाकर. देवी चामुंडेला, म्हणजे कालीला, म्हणते, तोंड पसर, थेंब खाली पडायच्या आत पिऊन टाक. वार चालूच राहतात, रक्ताला जमीन तेवढी मिळत नाही.

पुढे दोघांनी नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून 3 वर्षं आराधना केली. वैश्यानं ‘मी’ आणि ‘माझं’ सुटेल असं ज्ञान मागितलं. आणि राजानं? एवढी कथा ऐकून राज्यच मागितलं! देवीनं तेही दिलं, वर पुढच्या जन्मी मनूचं पदही.