शुल्क कोण भरतं, त्यावर प्रश्न ठरतात

मंडळी, तंत्रज्ञानाच्या भविष्यावर परिषद भरवायची तर पैसे लागणारच. सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, वक्त्यांचा प्रवास, चित्रीकरण, यातलं काहीच फुकटात होत नाही. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन या विषयांवरच्या भाषणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या 'टेड'ची पहिली परिषद १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेला झाली. तिच्यात आयोजकांना तोटा आला आणि दुसरी भरायला १९९० उजाडलं. त्यामुळे शुल्क घेतलं म्हणजे बाजार मांडला, असं मी म्हणणार नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. शुल्काचा आकडा सगळ्यांना सारखा असला तरी तो सारखा लागत नाही. कंपनीतून येणाऱ्याचे पैसे कंपनी भरते, त्याला रक्कम आठवतसुद्धा नाही. शाळेतल्या शिक्षिकेला, परिचारिकेला किंवा भाषांतरकाराला मात्र ते स्वतःच्या पगारातून द्यावे लागतात, वर एक दिवसाची रजा. नोंदणीचा अर्ज एकदा नीट बघा. 'संस्थेचे नाव' आणि 'पद' या रकान्यांपुढे लाल तारा असतो. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. स्वतःच्या हिमतीवर येणाऱ्याने तिथे काय लिहायचं?

अमेरिकी संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत दीड तास प्रात्यक्षिक दाखवलं. माऊस लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. समोर हजारेक जण होते, बहुतेक संगणकातलेच जाणकार. तेव्हा ते चालून गेलं, कारण ते अवजार आधी त्यांच्याच हाती जायचं होतं. आज परिषदांमध्ये चर्चा कशाची होते? यंत्र कर्ज मंजूर करेल का, उत्तरपत्रिका तपासेल का, नोकरीचे अर्ज चाळेल का. ज्यांचे अर्ज चाळले जाणार ते दाराबाहेर असले, तर चुकीची दाद कुठे मागायची हे आत विचारणार कोण?

मग सगळंच मोफत करावं का? ब्रुसेल्सच्या विद्यापीठात दरवर्षी भरणाऱ्या 'फॉसडेम' या मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या परिषदेला तिकीट नाही, नोंदणीही नाही, आणि हजारो लोक येतात. स्वयंसेवक राबतात, देणग्या आणि प्रायोजक खर्च उचलतात. मला ही परिषद फार मोलाची वाटते. पण प्रत्येक आयोजकापाशी असं मनुष्यबळ नसतं. ते नसताना तिकीट काढून टाकलं, तर सगळा भार प्रायोजकावर जातो आणि तो व्यासपीठावर वेळ मागतो. असं भाषण ठेवायचंच असेल, तर कार्यक्रमपत्रिकेत त्यापुढे 'प्रायोजित' असं स्पष्ट छापा.

चित्रफिती नंतर मोफत द्याव्यात, हे तर झालंच पाहिजे. 'टेड'ने २००६ पासून ते केलं आणि भाषणं जगभर पोचली. पण चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही, आणि खरी ओळखपाळख होते ती चहाच्या सुट्टीत.

म्हणून माझी मागणी अशी. कंपनीकडून पूर्ण शुल्क घ्या, हवं तर थोडं जास्तच घ्या. खिशातून भरणाऱ्याला कमी दर लावा. ज्याला तेही झेपत नाही त्याला माफी द्या आणि उत्पन्नाचा दाखला मागू नका. एखाददुसरा गैरफायदा घेईल, तो सोसा. नाव नोंदवून न येणाऱ्यांचा त्रास होत असेल, तर लहानशी अनामत घ्या आणि माणूस आला की हातात परत द्या. आणि सगळ्यांचे बिल्ले एकाच रंगाचे ठेवा.