ॲनीच्या छातीतली स्प्रिंग

(दृश्य: जमिनीवर आडवी बाहुली. तिच्या छातीवर एकावर एक ठेवलेले दोन तळहात.)

डोळे मिटलेले, ओठांवर पुसटसं हसू. ही रिससी ॲन. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात खेळणी बनवणाऱ्या ऑस्मुंड लेर्डाल यांनी 1960 साली ती तयार केली, सीपीआर शिकवायला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला आणि त्याच्या तोंडात श्वास फुंकायला. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडाली असं सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून घेतलाय. ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. आपण तिच्या जॅकेटची चेन उघडू.

पण आधी गळा. डोकं मागे झुकवून हनुवटी उचलली नाही, तर कितीही फुंका, छाती ढिम्म. हवेची वाटच बंद. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडली की तेच होतं.

(दृश्य: छातीचं कवच बाजूला. आतली स्प्रिंग जवळून.)

आता स्प्रिंग. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायचं. साध्या स्प्रिंगचा हिशेब सरळ असतो: दुप्पट खोल जायचं, तर दुप्पट जोर. माणसाची छाती इतकी सरळ नाही. आधी दबते, मग घट्ट होत जाते. हात उचलला की टुणकन उसळत नाही, जरा रेंगाळत वर येते. ऑफिसच्या दाराला क्लोजर असतो ना, दार धाडकन आपटू न देणारा? तसा काहीतरी अडसर आत हवा. 2008 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी खऱ्या रुग्णांच्या छातीवर घेतलेल्या मोजमापांवरून तशी छाती बनवून दाखवली.

(आवाज: टिक. टिक. टिक.)

बऱ्याच बाहुल्या पुरेसं दाबलं की अशा वाजतात. शिकणाऱ्याला बरं वाटतं. मला मात्र हा आवाज खटकतो. खऱ्या छातीतून आवाज आलाच, तर तो बरगडीचा असतो, आणि तेव्हा हात थांबवायचे नसतात.

(दृश्य: टेबलावर रबरी बाळ. नळाखाली भरत असलेलं.)

ही निओनॅटली, नवजात बाळाला श्वास द्यायचा सराव करायला. ना मोटर, ना वायर. आत सुमारे 2 लिटर कोमट पाणी. तेवढ्याने वजन येतं, ऊब येते, आणि उचलताना मान लटकते. शिकणाऱ्या नर्सचा हात न सांगता मानेखाली जातो. नाळेची नाडी? बाजूचा छोटा फुगा शिक्षिका बोटांनी दाबत राहते, बस्स.

वर्ग संपला की पाणी ओतायचं, बाळाची घडी घालायची आणि पिशवीत ठेवायचं.