आधी फरशी, मग यंत्र

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'प्राण्यांची फिजिओथेरपी: पाण्यातला ट्रेडमिल, लेझर आणि पुढे' असा छापलाय. 'आणि पुढे' हे आयोजकांचं, त्याला माझा इलाज नाही. ट्रेडमिलवर येणारच आहे, पण आधी फरशीबद्दल बोलू द्या. इथे बहुतेकांच्या घरी वय झालेला कुत्रा किंवा मांजर आहे, त्यामुळे सांध्यांची झीज म्हणजे काय हे नव्याने सांगत नाही. कूर्चा झिजते, सांध्याचं अस्तर सुजतं, कडेने नको तिथे हाड वाढतं. पुढचा हिशोब मात्र कुणी करत नाही. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पाण्यात चालवलं, तर झाली 40 मिनिटं. आठवड्यात मिनिटं असतात 10,080. उरलेली 10,040 मिनिटं तो कशावर उभा असतो? गुळगुळीत, पुसून चकचकीत केलेल्या फरशीवर.

कुत्र्याचा पंजा झकास चीज आहे, फक्त ती मातीसाठी बनलीय. पळताना नखं जमिनीत रुततात, खालच्या गाद्या दाबल्या जातात आणि पकड मिळते. फरशीत नख रुतत नाही. मग कुत्रा ते आणखी जोरात रोवायला बघतो, बोटं आखडतो, आणि बोटं आखडली की गादी जमिनीवरून सुटते. म्हणजे टायर काढून नुसत्या रिमवर गाडी चालवायची. वर आपण म्हणायचं, 'हा हल्ली फार धडपडतो.'

आता खुबा दुखणाऱ्या कुत्र्याचं उठणं बघा. धडधाकट कुत्रा मागच्या पायांनी रेटा देऊन उठतो. दुखणारा आधी पुढचे पाय रोवतो, छाती उचलतो आणि मागचा भाग ओढून वर आणतो. नेमक्या त्या क्षणी मागचा पाय बाहेरच्या बाजूला सटकतो आणि मांडीच्या आतल्या स्नायूला हिसका बसतो. असं तीन-चार वेळा झालं की तो उठणंच टाळतो. उठत नाही म्हणून मांडीचे स्नायू झडतात, स्नायू झडले की सांध्याला आधार राहत नाही, सांधा जास्त दुखतो, म्हणून तो आणखी कमी उठतो. शिवाय कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. मागचं दुखायला लागलं की तो आणखी भार पुढे टाकतो आणि खांदे, मान, पाठ ताठरतात. खांद्याला मालीश करून घ्यायला आलेल्या कुत्र्याचं दुखणं कितीदा तरी खुब्यात सापडतं.

उपाय चटई. पण चटई टाकायचीही एक रीत आहे, आणि तिथेच सगळे चुकतात. लोक बेटांसारख्या चटया पसरतात: एक इथे, एक तिथे, मध्ये हातभर फरशी. कुत्रा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी मारतो, म्हणजे जे टाळायचं तेच करतो. चटई रस्त्यासारखी सलग हवी: झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत. मोठ्या कुत्र्यासाठी पट्टा निदान 60 ते 75 सेंटीमीटर रुंद असावा, आणि तो जिथे वळतो तिथे त्याला पूर्ण वळता येईल इतका ऐसपैस. भांड्यापुढे चारही पाय चटईवर आले पाहिजेत. अनेक घरांत पुढचे दोन चटईवर आणि मागचे दोन फरशीवर असतात. जेवताना डोकं खाली, भार पुढे आणि मागचे पाय हळूहळू फाकत जातात. दिवसातून दोनदा, रोज.

चटईच्या खालच्या बाजूला रबर हवं. सुती सतरंजी फरशीवर टाकली तर ती कुत्र्यासकट घसरते, त्यापेक्षा नुसती फरशी बरी. व्यायामाची रबरी चटई कापून लांब पट्ट्या केल्या तरी काम भागतं. कडा दुहेरी चिकटपट्टीने बसवा, कारण वर वळलेल्या कडेत पंजा अडकतो, विशेषतः मणक्याच्या दुखण्यामुळे पंजा ओढत चालणाऱ्याचा. चटईखालची धूळ आठवड्याला पुसा. धुळीवर रबर पकड सोडतं, आणि मग 'चटया टाकूनही फरक नाही' अशी तक्रार येते.

नखं. कुत्रा सरळ उभा असताना नख जमिनीला टेकता कामा नये, आणि चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलीत. एकदम खूप कापू नका, आतली शीर तुटते. आठवड्या-पंधरवड्याने एक-दोन मिलिमीटर कापत गेलं की शीरही हळूहळू मागे सरकते. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही, म्हणून पातळ पातळ चकत्या काढायच्या आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. गाद्यांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत यंत्राने कापा, बोटांच्या फटीत कात्री घालू नका. मोज्यांबद्दल हमखास विचारतात. मोजे फिरतात, रबरी ठिपके पायाच्या वर येतात आणि गुळगुळीत कापड खाली. घालायचेच तर नीट बसणारे घाला, रात्री काढा, बोटांमध्ये ओल आणि लाली बघा. नखांवर चढवायच्या रबरी कड्या त्यापेक्षा बऱ्या, पण माप चुकलं तर निसटतात. आणि निसटलेली कडी कुत्रा गिळतो. कुत्राच तो.

फरशी आवरती घेतो. पण 'वय झालं हो आता' या वाक्याचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वय हा आजार नाही, आणि वेदना ओरडूनच व्यक्त होते असंही नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्र्याचं डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मोबाइलवर बाजूने, हळू गतीत चित्रण करा, डोळ्याला सुटतं ते तिथे दिसतं. मांजर तर सहसा लंगडतच नाही, कारण तिचे दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच धरलेले असतात. ती फक्त उंच जागा सोडते, पाठीचा मागचा भाग चाटणं सोडते, तिथे केसांच्या जटा होतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा 90 टक्क्यांमध्ये सांध्यांची झीज दिसली. मांजराच्या तीव्र वेदनेसाठी 2019 पासून चेहऱ्यावरून गुण देण्याची पद्धत आहे: कान, डोळे, नाकतोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकी शून्य ते दोन. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. झोपलेल्या मांजराला मात्र गुण देत बसू नका, झोपेत सगळ्यांचेच डोळे मिटलेले असतात.

आणि वेदनाशामक म्हणजे तुमच्या कपाटातली गोळी नव्हे. मांजराला पॅरासिटामॉल कधीही नाही, अर्धी नाही, पावही नाही. ते औषध निकामी करण्याची यकृतातली मुख्य वाट मांजरात फार कमजोर असते. मग विषारी पदार्थ तयार होतो, रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता ताबडतोब दवाखाना गाठा, कारण उतारा आहे पण तो वेळेत मिळावा लागतो. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल ही गोडी असते, तीही कुत्र्याला विष. कुत्र्यांसाठीची सूज उतरवणारी औषधं वेगळी आहेत. ती स्टिरॉइडसोबत द्यायची नाहीत आणि दीर्घकाळ चालू असतील तर रक्ततपासणी चुकवायची नाही.

वजनाचं दोन वाक्यांत. 2002 मध्येच प्रसिद्ध झालेला 48 लॅब्राडॉरांचा अभ्यास आहे: जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाऊ घातलं, तर कमी खाणारे मध्यमानाने 13 वर्षं जगले आणि दुसरे 11.2, शिवाय सांध्यांचा त्रासही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाला. फासळ्या हलक्या हाताने चाचपडून लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर खाणं वाटीने नव्हे, ग्रॅममध्ये मोजा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे सात. छापलेला विषय आता सुरू.

पाण्यातला ट्रेडमिल. खरं काम पाण्याच्या उंचीचं आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पाणी मागच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर 91 टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत 85 आणि खुब्यापर्यंत आणलं तर 38. म्हणजे गुडघाभर पाण्यात भार फारसा हलका होत नाही. वेदना कमी करायची तर पाणी खुब्यापर्यंत, आणि पाय उचलायची ताकद वाढवायची तर खाली. पाणी कोमट, साधारण 28 ते 32 अंश. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं, मध्ये थांबून. गती हळू, कारण वेग वाढला की दुखरा पाय उचलून धरता येतो आणि हळू चालताना तो टेकावाच लागतो. जखमेचे टाके ओले असताना, उघडी जखम असताना, जुलाब किंवा ताप असताना पाण्यात नाही. हृदयरोग असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पोहणं हा याला पर्याय नाही. पोहताना पुढचे पाय राबतात, मागचे बरेचदा नुसते तरंगतात.

लेझर. प्रकाश पेशींपर्यंत पोचला तर उपयोग. काळे दाट केस तो आधीच शोषून घेतात, तिथली त्वचा तापते, म्हणून केस बाजूला करून किंवा कापून, हात सतत फिरता ठेवून द्यायचा. सगळ्यांनी चष्मे लावायचे, प्राण्यानेसुद्धा. गाठ कर्करोगाची असेल तर तिच्यावर नाही, गाभण मादीच्या पोटावर नाही. विजेच्या सौम्य लहरी वेदना कमी करतात, पण केसांवरून पॅड चिकटत नाहीत, जेल लागतं.

थंड आणि गरम यांची सर्रास अदलाबदल होते. ताजी इजा किंवा शस्त्रक्रिया असेल तर पहिले दोन-तीन दिवस थंड, कापडात गुंडाळून, 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जुना ताठरपणा असेल तर व्यायामाआधी ऊब, आपल्या मनगटाला सोसेल इतकीच. सुजलेल्या गरम सांध्याला ऊब दिली की सूज वाढते.

घरचा व्यायाम. बसून उठणं: कुत्र्याला भिंतीला लागून बसवा, म्हणजे दुखरा पाय बाहेर टाकता येत नाही. पाच वेळा, दिवसातून दोनदा. सांधा हलवताना त्याला कुशीवर झोपवा, दुखरा पाय वर, एक हात सांध्याच्या वर आणि एक खाली, दहा वेळा, अडेल तिथे थांबून. बोटं धरून ओढायची नाहीत. त्याने ओठ चाटले, मान वळवून बघितलं, की पुरे. फिरणं पाच मिनिटांचं, तीन वेळा, पट्ट्याला बांधून, आणि आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवत. दुसऱ्या दिवशी ताठरपणा वाढला तर आदल्या दिवसाचं निम्मं करायचं, बंद करायचं नाही. मणक्यातली चकती सरकलेल्या कुत्र्याला मात्र यातलं काहीही डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय नाही, त्याची पहिली थेरपी पिंजऱ्यातली विश्रांती. मांडीचा घेर दोन्ही बाजूंना एकाच जागी टेपने मोजून लिहून ठेवा, महिन्याने फरक कळतो. डोळा नेहमी आपल्या बाजूने साक्ष देतो.

पुढे, म्हणजे ते 'आणि पुढे'. वेदनेचा निरोप पोचवणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारी महिन्यातून एकदा द्यायची इंजेक्शनं आलीत. मांजरासाठीचं अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये मंजूर झालं, कुत्र्यासाठीचं मे 2023 मध्ये. प्रत्येकाला चालतात असं नाही, तपासणी करूनच घ्यायची.

एक चिठ्ठी आलीय: 'मांजर पाण्यात उतरेल का?' काही उतरतात. बहुतेक तुमच्या अंगावर उतरतात. तिच्यासाठी लिटर ट्रेची एक कड कापून पाच-सात सेंटीमीटरवर आणा, धार घासून गुळगुळीत करा, खिडकीखाली दोन ठेंगण्या पायऱ्या ठेवा, आणि दोरीला बांधलेलं पीस जमिनीलगत हळू फिरवा, उंच नाही, उडी मारायला लावू नका. त्या ट्रेपुढे काय टाकायचं, ते तुम्ही मघाच ऐकलंत.